पुलावरचा घणवाला

कुणी विचारलं की माझ्या सासूबाई सांगायच्या, "आमची सून घरी बसून लोकांची भांडणं वाचती. त्येचाच पगार हाय तिला." ऐकणारा माझ्याकडं बघायचा आणि मी मान हलवायचे, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. धाराशिवात आमच्या घराच्या माडीवर, खिडकीपाशी टेबल टाकून, मी बरीच वर्षं कॉम्प्युटरवरच्या खेळांबद्दल खेळणाऱ्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचले. मागच्या वर्षी ते काम थांबलं. आता तेच काम एक सॉफ्टवेअर करतं, आणि म्हणे मध्येच चहाला उठतसुद्धा नाही. हाताशी वेळ आहे, आणि गल्लीतले लोक अजून विचारतात की तुम्ही नक्की करत काय होता, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी मूळची इंग्रजीची. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे दरवर्षी जून उजाडला की यंदा बोलावतात की नाही याची वाट बघायची. मैत्रिणीनं सांगितलं, पुण्यातल्या एका कंपनीला घरून काम करणारं माणूस हवंय, इंग्रजी, हिंदी, मराठी नीट वाचता आली पाहिजे. माझं माहेर उमरग्याकडचं, घरात अर्धं बोलणं कन्नडमधून, त्यामुळं तीही भाषा पदरात होती. फोनवरच्या मुलाखतीत मी खरं ते सांगून टाकलं, की मी आयुष्यात एकही असला खेळ खेळलेली नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, "मग तर फारच छान. खेळणारी माणसं अभिप्राय वाचत नाहीत, वाद घालत बसतात." हा माणूस म्हणजे मकरंद सर. पुढं माझे वरिष्ठ झाले. वयानं माझ्यापेक्षा थोडे लहानच, पण कामामुळं मी त्यांना सर म्हणायचे आणि ते मला मॅडम.

काम असं. खेळ विकत घेतलेला माणूस त्या खेळाच्या पानावर जाऊन अंगठा वर करतो किंवा खाली करतो आणि मग चार ओळी लिहितो. काहीजण चारशे ओळी लिहितात. ते सगळं वाचायचं आणि वेगळं करायचं. खेळात बिघाड आहे, ते एकीकडं. काही आवडलेलं नाही, ते दुसरीकडं. काही नवीन हवंय, ते तिसरीकडं. आणि ज्यांना फक्त बोलायचं आहे, त्यांच्यासाठी एक चौथी जागा. दिवस संपताना खेळ बनवणाऱ्यांना साध्या भाषेत कळवायचं की आज लोक काय म्हणाले. मोजकी पथ्यं होती. वाद घालायचा नाही, वचन द्यायचं नाही, खेळाडूला प्रत्यक्ष भेटायचं नाही.

सुरुवातीला मला वाटायचं, ही माणसं किती चिडकी! एखाद्यानं महिनोन्महिने खेळून शेवटी लिहिलेलं असायचं, "भिकार खेळ. वेळ वाया." मग हळूहळू कळलं, की ज्याला खरंच भिकार वाटतं तो बंद करून निघून जातो, लिहीत बसत नाही. लिहिणारा माणूस अजून तिथंच असतो, दारात उभा राहून भांडत असतो, आणि कुणीतरी आतून "काय झालं?" म्हणून विचारावं एवढीच त्याची अपेक्षा असते.

सगळ्यात जास्त भांडण मी वाचलं ते एका जुन्या खेळाच्या वेळी. खेळाचं खरं नाव इथं लिहीत नाही. आपल्याकडचे खेळाडू त्याला नुसतं 'किल्ला' म्हणायचे, मीही तेच म्हणते. खेळ मूळ परदेशातला, जुन्या कॉम्प्युटरांवरचा. शहरांतल्या आणि तालुक्यांच्या गावांतल्या सायबर कॅफेंमध्ये एक अख्खी पिढी त्याच्यावर वाढली होती. तोच खेळ आताच्या यंत्रांवर चालेल असा करून पुन्हा विक्रीला आणायचा, हे काम आमच्या पुण्याच्या कंपनीकडं आलं. मकरंद सर त्याचे प्रमुख. ते स्वतः कॉलेजात असताना 'किल्ला' खेळत रात्रंदिवस बसलेले. त्या खेळाबद्दल ते घरातल्या मोठ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. या खेळात तुम्ही एका शिपायाची भूमिका घेता. त्याची ताकद कुठं वाढवायची, तलवार घ्यायची की भाला, कुणावर विश्वास ठेवायचा, हे तुम्ही ठरवायचं, म्हणजे माणूस तुम्ही घडवायचा. पण लढाई मात्र तुमच्याच बोटांनी करायची. बोट चुकलं की शिपाई मेला, आणि वाटेत शेवटची विहीर जिथं लागली असेल तिथून पुन्हा सुरुवात. किल्ल्याच्या तोंडाशी एक दगडी पूल आहे आणि पुलावर भलामोठा घण घेतलेला एक धिप्पाड गडी उभा असतो. त्याला सगळे घणवाला म्हणतात. त्याला हरवल्याशिवाय किल्ल्यात पाऊल टाकता येत नाही. कित्येकांची शाळा-कॉलेजची वर्षं त्या पुलावर गेली, आणि ते हे अभिमानानं सांगतात.

खेळ पुन्हा बाजारात आला त्या आठवड्यात माझ्या पडद्यावर नुसता पूर आला.

कोल्हापूरचे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांची तक्रार धुक्याची. जुन्या खेळात किल्ल्याभोवती दाट धुकं असायचं, नव्यात ते विरळ झालं होतं आणि लांबचे डोंगर स्वच्छ दिसत होते. डॉक्टर लिहीत, "आमची भीती कुठं गेली? धुक्यात पाऊल वाजलं की काळजात धस्स व्हायचं. आता मला मैलभर आधी दिसतं की कोण येतोय." मी सरांना कळवलं. सर हसत म्हणाले, "अहो, ते धुकं मुद्दाम घातलेलंच नव्हतं. जुन्या यंत्रांना लांबचं चितारणं झेपायचं नाही, ते झाकायला धुकं." मग म्हणाले, "पण बरोबर आहे त्यांचं. मलाही भीती वाटायची." पुढच्या दुरुस्तीत ज्याला हवं त्याला धुकं परत मिळालं. डॉक्टरांनी आनंदानं लिहिलं की काल ते दोनदा दचकले.

लातूरच्या एका बाईंचा अभिप्राय तर मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला होता. त्यांची मुलगी खेळते, त्या शेजारी स्वेटर विणत बसतात. त्यांनी लिहिलं होतं, "खेळ चांगला आहे, चित्रं सुंदर आहेत. पण हा शिपाई सकाळपासून काहीही खात नाही. लागलं की औषधाची बाटली तोंडाला लावतो आणि पुन्हा पळतो. कुणीतरी त्याला जेवायला वाढा." अंगठा वर होता. हा अभिप्राय मागणीत टाकावा की चौथ्या जागेत, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

पण खरी लढाई वेगळीच होती. नवीन खेळाडूंना खेळ फार अवघड वाटत होता, ते म्हणत, थोडा सोपा करा. जुने खेळाडू म्हणत, हात लावाल तर खबरदार. जुन्यांमध्ये सगळ्यात तिखट लिहिणारा एकजण होता, त्यानं नावच 'किल्लेदार' घेतलं होतं. तो कोण, कुठला, मला कधीच कळलं नाही. रोज सकाळी त्याचा मजकूर हजर. "आम्ही त्या पुलावर हजारदा मेलो, तेव्हा कुणी पूल रुंद करून दिला नाही. ज्यांना चटणीभाकर झेपत नाही त्यांनी दूधभात खावा, पण आमच्या ताटात दूध ओतू नका." मला त्याचा राग यायचा आणि वाचायलाही तोच सगळ्यात आधी घ्यायचे.

त्या गदारोळात एक मराठी अभिप्राय आला. अंगठा खाली. लिहिणाऱ्याचं नाव 'लालडबा'. आमच्याकडं मराठी मजकुराचं आपोआप इंग्रजी होऊन पुण्याला जायचं, आणि या मजकुराचं काय झालं होतं कुणास ठाऊक, तिकडं तो 'अर्थ लागत नाही' अशा शेऱ्यानं बाजूला पडला होता. मूळ मजकूर असा होता: "खेळ लई भारी हाय. पण हा दोन हात चालणाऱ्याचा खेळ हाय. माझा एकच चालतो. घणवाला सोडा, मी आधी तुमच्या बटणासंगं लढायलोय."

त्याच्याखाली कुणीतरी लगेच टोमणा मारला होता, "काका, झेपत नसेल तर सोडून द्या." आणि लालडब्यानं उत्तर दिलं होतं, "सोडून द्यायचं असतं तर लिव्हलं कशाला असतं?"

ती भाषा वाचून मला कळलं की माणूस आपल्याच भागातला. कंपनीच्या नावानं मी उत्तर लिहिलं, की नेमकं कुठं अडतं ते सांगाल का. त्यांनी सविस्तर सांगितलं. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, म्हणून नाव लालडबा. इथं मी त्यांना विश्वनाथकाका म्हणते, खरं नाव दुसरं आहे. निवृत्तीनंतर लकवा मारला, उजवा हात आणि पाय गेला. पाय औषधपाण्यानं आणि व्यायामानं बराचसा परत आला, हात आला नाही. या खेळात डाव्या हातानं शिपायाला चालवायचं असतं आणि उजव्या हातातल्या माऊसनं ढाल धरायची, तलवार मारायची, नजर फिरवायची. काका डाव्या हातानंच कधी इकडं, कधी तिकडं उडी मारत होते. ढाल धरली की पाय थांबतात. पाय उचलले की ढाल खाली पडते. तेवढ्यात घण येतो.

मी खेळणारी नव्हते, त्यामुळं वाचून अर्धंच कळलं. दुपारी जेवणं झाल्यावर मी माडीवर खेळ सुरू केला. आपला उजवा हात आपोआप माऊसकडं जातो, म्हणून तो ओढणीनं खुर्चीच्या दांडीला बांधून टाकला. पुलापर्यंत जायची गोष्टच नको, पहिल्या वळणावरच्या एका कुत्र्यानं मला मारलं. पुन्हा उठले, पुन्हा त्याच कुत्र्यानं मारलं. तेवढ्यात सासूबाई ताक घेऊन वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"आगं बया! कुणी बांधलं गं तुला?"

"मीच बांधलंय, आई."

"कामून?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ताकाचा पेला माझ्या डाव्या हातात दिला, स्टुलावर बसल्या आणि पडद्याकडं बघत म्हणाल्या, "मग त्या बिचाऱ्याला म्हणावं दुसरं कायतरी खेळ. पत्ते हायेत, सोंगट्या हायेत." जरा वेळानं स्वतःच म्हणाल्या, "पर त्येला हेच आवडत आसंल तर काय करावं."

दुसऱ्या दिवशी मी मकरंद सरांना फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण खेळात बदल म्हटल्यावर त्यांचा आवाज जड झाला.

"मॅडम, मला वाईट वाटतंय, खरंच. पण हा खेळ अवघड आहे म्हणूनच तो 'किल्ला' आहे. आपण दुरुस्ती करणारे. दुसऱ्याच्या घराचा रंग काढून देऊ, गळकं छप्पर नीट करू. भिंत पाडायचा अधिकार आपल्याला नाही. मूळ कंपनीही परवानगी देणार नाही. आणि जुने लोक काय म्हणतायत ते तर तुम्हीच रोज मला पाठवताय."

"पण सर, ते सोपा करा म्हणालेच नाहीत."

"मग काय म्हणाले?"

हे मात्र मी विचारलंच नव्हतं. म्हणून विचारलं. काकांचं उत्तर आलं: "सोपा अजिबात करू नका. मला मरायला काय न्हाय. पण घणवाल्याच्या हातनं मरू द्या. बटणाच्या हातनं मरायला लाज वाटती. पटत नसंल तर माकणीला या, दाखवतो."

मी ते शब्द जसेच्या तसे सरांना पाठवले आणि सोबत भेटायची परवानगी मागितली, कारण ते पथ्य मोडायचा माझा विचार नव्हता. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. मग सरांचा फोन आला. "परवानगी कसली देऊ? मीच येतो. शनिवारी आहात का घरी?"

शनिवारी सर पुण्याहून सकाळच्या गाडीनं उतरले. आमच्याकडं चहा घेतला, सासूबाईंनी त्यांना "तुमीच का ती भांडणं लावणारे?" असं विचारून घेतलं, आणि आम्ही एसटीनं माकणीला गेलो. गाव धरणाच्या जवळ. काकांचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं, पुढं झाडून ठेवलेलं अंगण. काका काठी टेकत दारापर्यंत आले. उंचेपुरे, मिशा पांढऱ्या, उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातलेला. मकरंद सरांना वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "मला वाटलं कुणी म्हातारा माणूस आसंल. तुमी तर पोरगं हाव."

त्यांच्या पत्नी, सुभद्राकाकू, यांनी चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. खाता खाता काकूंनी गाऱ्हाणं सुरू केलं. "लेक लातूरला दवाखान्यात नर्स हाय. तिनं ही कॉम्पुटरची पेटी आणून दिली, त्यांस्नी इरंगुळा म्हणून. आता आंघुळीला उठा म्हणलं तर उठत न्हाईत. जेवताना तोंडात घास आन् डोळं पुलावर. डॉक्टर म्हणाले हातपाय हलवा. ह्ये बोटं हलवायलेत."

"तू गप बस," काका म्हणाले, पण मऊ आवाजात.

मी विचारलं, ड्रायव्हर माणसाला या खेळाचा नाद लागला कसा? काका सांगू लागले. डेपोत दोन फेऱ्यांच्या मध्ये वेळ असायचा. बाकीचे पत्ते कुटायचे नाहीतर झोप काढायचे. यांना दिवसा झोप येत नसे. स्टँडच्या पाठीमागं एक सायबर कॅफे होता, तिथं गारवा म्हणून जाऊन बसायला लागले. कॉलेजची पोरं खेळायची, हे मागं उभं राहून बघायचे. एकदा एका पोराला क्लासला जायचं होतं, तो म्हणाला, काका, एवढं तुम्ही सांभाळा. "बसलो तो बसलोच. नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीत दिवसभर गाडी चालवायची, घाटात समोरनं ट्रका, मागं आरडाओरडा. पन्नास माणसं माझ्या हातात. जरा चुकलं तर संपलं. आन् इथं येऊन बसलं की कितीबी चुका, पुन्हा उठा. तेवढंच डोक्याला बरं वाटायचं."

सर खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "काका, खेळता का जरा?"

काकांनी डाव्या हातानं उजवा हात खिशातून काढून अलगद मांडीवर ठेवला आणि बसले. शिपाई पुलावर आला. धुक्यातून घणवाला चालत आला. मला त्या खेळातलं फार कळत नसलं तरी एवढं दिसलं, की काकांना घण कुठून येणार हे आधी कळत होतं. तोंडानं ते म्हणायचे, "आता उजवीकडनं," आणि खरंच उजवीकडून यायचा. पण हात माऊसवर असला की पाय उचलायला उशीर, आणि पायाच्या बटणांवर असला की ढाल खाली. त्यांचा पंजा टेबलावर इकडून तिकडं नुसता उड्या मारत होता. शिपाई मेला. पुन्हा. आणखी एकदा. कपाळावर घाम आला. काकूंनी पदरानं टिपला.

मकरंद सर केव्हा खुर्चीवरून उठून काकांच्या मागं जाऊन उभे राहिले, ते माझ्या लक्षातच आलं नाही. "डावीकडं घ्या काका! आता, आता मारा!" असं ते ओरडत होते. शिपाई पडला तेव्हा त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात आपटला.

 मग सर म्हणाले, "काका, समजा घणवाल्याचा जोर निम्मा केला तर?"

काका खुर्चीतच वळले. "आजिबात न्हाय. मग मी कुणाला हरवलं म्हणायचं? घाट हाय तसाच ऱ्हाऊ द्या साहेब. फकस्त स्टेअरिंग माझ्या हाताला येऊ द्या."

परत येताना एसटीत सर खिडकीबाहेर बघत होते. लोहारा मागं पडलं, दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली. मध्येच म्हणाले, "मॅडम, मी त्यांच्याइतका घणवाला ओळखत नाही. आणि मी तो पुन्हा बांधलाय." पुढं अर्ध्या वाटेवर त्यांनी बॅगेतून पेन काढून तिकिटाच्या मागं काहीतरी चौकोन काढायला सुरुवात केली.

त्यांना सुचलं ते साधंच होतं. सगळी बटणं खेळाडूला हवी तिथं मांडता यावीत, अगदी एका पंजाखाली. ढालीचं बटण धरून ठेवायला लागू नये, एकदा दाबलं की ढाल वर, पुन्हा दाबलं की खाली. आणि समोर शत्रू आला की नजर आपोआप त्याच्याकडं वळावी. घणवाल्याच्या घणाला मात्र हात लावायचा नाही. मूळ कंपनीनं ऐकून घेतलं, आणि एकच म्हणाली, आधी जुन्या खेळाडूंना विचारा. ते भडकणार असतील तर नको.

विचारायचं म्हणजे काय, तर खेळाच्या पानावर निवेदन टाकायचं. ते मी लिहिलं. काकांची परवानगी घेऊन त्यांचे शब्द मराठीत तसेच ठेवले, खाली इंग्रजी दिलं. या खेपेला यंत्राचं नव्हे, माझं इंग्रजी. 'घणवाल्याच्या हातनं मरू द्या' या वाक्यावर मी अख्खी सकाळ घालवली.

निवेदन गेलं. काकांना कुणी वाकडंतिकडं बोललं तर ते आपल्यामुळं, हे सारखं मनात येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना म्हटलं, आज तुम्ही माझ्याजवळ बसा. त्या जपाची माळ घेऊन बसल्या.

दोन-चार कडवट अभिप्राय होतेच. एकानं लिहिलं, आज एका हाताचं केलं, उद्या डोळे मिटून खेळणाऱ्यांचं करा. आणखी एकजण म्हणाला, ही सगळी विकायची युक्ती आहे. किल्लेदाराचं नाव कुठं दिसेना. रोज सकाळी हजर असणारा माणूस त्या दिवशी दुपारपर्यंत गप्प होता. मला वाटलं, मोठा दारूगोळा भरत असणार.

दुपारनंतर त्याचा मजकूर आला. कधी नव्हे इतका छोटा होता.

"सकाळपासून उजवा हात पाठीमागं बांधून खेळतोय. पुलापर्यंतसुद्धा पोचलो नाही. काका पुलावर रोज जातात म्हणे. कसे जातात ते मला सांगा. बटणं बदला. घणवाल्याला हात लावला तर मात्र गाठ माझ्याशी आहे."

मी तो मोठ्यानं वाचला. सासूबाईंनी माळ खाली ठेवली आणि विचारलं, "ह्यो त्योच का, रोज भांडणारा?"

"तोच."

"मग तर घरातलाच माणूस हाय की."

त्यानंतर ओघच लागला. कितीतरी जणांनी हात बांधून खेळून बघितलं आणि आपापली फजिती लिहिली. एका मुलीनं लिहिलं की तिला जन्मापासून डाव्या हाताची बोटं नाहीत, आजवर ती खेळांच्या पानांवर फक्त इतरांचं वाचत होती, हा तिचा पहिला अभिप्राय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आपल्या एका पेशंटचं लिहिलं. मी वेगळं करायचं सोडून नुसती वाचत बसले. कुठल्या रकान्यात टाकणार होते मी हे?

बदल झाला. फार गाजावाजा न होता, पुढच्या दुरुस्तीबरोबर आला. मकरंद सरांचा निरोप आला, "काकांचं काय म्हणणं आहे, कळवा." मी काकांच्या अभिप्रायाची वाट बघू लागले. एक दिवस गेला, दुसरा गेला. आठवडा संपत आला तरी लालडब्याचा पत्ता नाही. एरवी बारीकसारीक सगळं कळवणारा माणूस. मनात नको नको ते यायला लागलं. पुन्हा लकवा तर नसेल? की बटणं जमलीच नाहीत, आणि आमचं मन राखायला बोलत नाहीत? शेवटी मी फोन लावला.

फोन सुभद्राकाकूंनी उचलला.

"काकू, मी धाराशिवहून बोलतेय, महानंदा. काका बरे आहेत ना?"

"बरं हायेत की. त्यांस्नी येळ न्हाय बोलायला."

"का हो?"

"पलीकडं गेलेत की ते! पूल वलांडून! परवाच्याला. त्यो घणवाला आडवा पडला बगा, म्या सोता बघितलं. ह्ये रडाय लागले, म्हणून म्याबी रडले. शेजारची माणसं आली पळत, काय झालं म्हणून." काकूंचा आवाज हसण्यानं फुटत होता. "तवापास्नं किल्ल्यातच हायेत. आत एक बाई हाय, केस सोडल्याली, हातात साखळी. ती लई मारायलीय."

मागून काकांचा आवाज आला, "कोण हाय गं?"

"धाराशिवच्या ताई हायेत! बोलता का?"

"आत्ता न्हाय! आत्ता न्हाय म्हणावं! ताईंना सांग, घणवाला बरा हुता, ही बाई लई हलकट हाय!"

मी म्हटलं, "काकू, राहू द्या, मी नंतर करते." पण काकू ऐकत नव्हत्या. फोन त्यांनी कुठंतरी ठेवून दिला असावा. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग साखळीचा खणखणाट, आणि मग काकूंचाच आवाज, अगदी टिपेला पोचलेला:

"आवो, मागं बगा! मागनं आली! ढाल, ढाल वर करा की!"

मी फोन कानाला लावून तशीच बसून राहिले. पलीकडं दोघंही मला विसरून गेले होते.